डिकीतले पाणी येते कोठून?

समजा, आषाढातला एक दिवस आहे. तुम्ही आपल्या काकांबरोबर मोटारीने पौडहून माणगावला निघाला आहात. मुळशी धरणाचा जलाशय मागे पडला आहे आणि ताम्हिणी घाट सुरू झाला आहे. पाऊस तर असा कोसळतो आहे की काचेवरचा वायपर एकदा फिरून परत येईपर्यंत समोरचा रस्ता दिसेनासा होतो. आणि नेमके अशा वेळी मागचे चाक पंक्चर होते!

"काळजी नको, स्टेपनी आहे," असे म्हणत काका छत्री सावरीत गाडीची डिकी उघडतात. आत पाहतात तो काय? कार्पेट भिजून चिंब झालेले. ते उचलावे तर खालच्या खळग्यात वीतभर पाणी साचलेले, आणि त्यात स्टेपनी बुडून बसलेली! जॅकचा स्क्रू गंजून इतका घट्ट झालेला की तो फिरता फिरत नाही. ज्या वस्तू अडचणीच्या वेळी उपयोगी पडाव्यात म्हणून वर्षभर जपून ठेवल्या, त्या नेमक्या अडचणीच्या वेळीच निकामी ठरल्या.

आता प्रश्न असा की, डिकी तर घट्ट बंद होती. मग एवढे पाणी आत शिरले कोठून?

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मात्र भल्याभल्यांना चकवते. कारण पाणी जिथे दिसते तिथून ते आत आलेले नसते. हे एकच वाक्य नीट ध्यानात ठेवले, तर गळती शोधण्याचे निम्मे काम झाले असे समजा. उरलेले निम्मे काम कसे करायचे, ते आता क्रमाने पाहू.

पाऊस किती आणि डिकी केवढी?

आधी मुळशीच्या पावसाची थोडी ओळख करून घेऊ. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि त्याच्या चढणीने वर जाऊ लागतात. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून ही हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही. त्याचे पाणी होते आणि डोंगरमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पलीकडे गेले की पाऊस झपाट्याने कमी होतो. पुणे शहरात वर्षभरात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीला २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या अवघ्या २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली! पुण्याच्या वर्षाच्या पावसाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ताम्हिणीने एका दिवसात घेतला म्हणा ना.

५५६ मिलिमीटर म्हणजे नेमके किती पाणी? हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी जमते. डिकीचे झाकण आणि त्याच्या आसपासचा पत्रा मिळून एक चौरस मीटर जागा धरली, तर अशा एका दिवसात तिच्यावर ५५६ लिटर पाणी पडेल. २० लिटरच्या २७-२८ बादल्या! त्यातला हजारावा भाग जरी आत शिरला, तरी अर्ध्या लिटरहून जास्त पाणी झाले.

आणखी एक हिशेब करा. ड्रॉपरने पाण्याचे थेंब टाकले तर साधारण २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. डिकीत दर सेकंदाला फक्त एक थेंब पडतो आहे असे समजू. गाडी रात्री आठ तास अंगणात उभी आहे. तर थेंब झाले ८ × ३६०० = २८,८००. त्यांना २० ने भागा. उत्तर येते १,४४० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ दीड लिटर! म्हणून डिकीत पाणी साचण्यासाठी मोठे भोक पडावे लागत नाही. टाचणी जाईल एवढी फटही पुरते.

कौल फुटते एकीकडे, गळते दुसरीकडे

तुमचे घर कौलारू असेल, तर ही गोष्ट तुम्हाला अनुभवाने ठाऊक असेल. पावसाळ्यापूर्वी घर शाकारले नाही तर कुठे तरी गळू लागते. थेंब पडतो चुलीजवळ. पण वर चढून पाहावे तर चुलीच्या बरोबर वरची कौले धड असतात! फुटलेले कौल असते दोन-चार हात वर. तिथून आत आलेले पाणी वाशाच्या खालच्या अंगाला चिकटून उतरत जाते आणि वाटेत जिथे गाठ किंवा खिळा आडवा येतो, तिथे थेंब होऊन सुटते. म्हणूनच अनुभवी माणूस थेंबाच्या वर पाहत नाही. तो वाशावरच्या ओल्या रेघेमागे वर वर जातो.

पाणी असे उलट्या पृष्ठभागाला चिकटून का वाहते? पाण्याचे रेणू एकमेकांना जसे ओढतात, तसे लाकूड, पत्रा, काच यांच्या रेणूंकडेही ओढले जातात. भांड्यातून पाणी हळूहळू ओतून पाहा. ते सरळ खाली न पडता भांड्याच्या बाहेरच्या अंगावरून ओघळते. तेच हे.

डिकीतही असेच घडते. मागच्या काचेच्या कोपऱ्यातून आत आलेले पाणी आतल्या पत्र्याला धरून सरपटत जाते आणि शेवटी सर्वांत खोल जागी, म्हणजे स्टेपनीच्या खळग्यात जमते. पाहणाऱ्याला वाटते, पाणी खालूनच आले. म्हणून खळग्याकडे बोट दाखवून "इथे गळते" असे म्हणणे म्हणजे विहिरीकडे बोट दाखवून "पाऊस इथे पडला" असे म्हणण्यासारखे आहे.

डिकीची रचना

डिकीचे झाकण उघडून त्याची कड नीट पाहा. झाकण आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सगळीकडून एक बारीक फट असते. पुष्कळांना वाटते, ही फट पाणी अडवण्यासाठी आहे. खरे म्हणजे पाऊस या फटीतून आत जातोच, आणि तो जावा अशीच योजना असते! फटीच्या खाली पत्र्याचीच एक पन्हळ केलेली असते. आत आलेले पाणी पन्हळीतून मागे वाहत जाते आणि बंपरच्या बाजूने खाली पडते. पन्हळीच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक उभी कड असते. त्या कडेवर रबराची एक पोकळ पट्टी बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला 'बीडिंग' म्हणतात. झाकण लावले की ही पट्टी दाबली जाते आणि पन्हळीतल्या पाण्याला आत येऊ देत नाही.

म्हणजे डिकीचे रक्षण करणारे दोघे जण आहेत. पन्हळ पाणी वाहून नेते आणि रबर उरलेले पाणी अडवते. गाडी झाडाखाली उभी असेल आणि पाने, काटक्या, माती यांनी पन्हळ तुंबली, तर पाणी साचून रबराच्या वर चढते. मग रबर नवे असले तरी ते बिचारे काय करणार?

यांखेरीज पाण्याला आत येण्याच्या इतरही वाटा आहेत. मागच्या दिव्यांभोवती जी मऊ गॅस्केट असते, ती वाळून तडकते. पत्र्याचे तुकडे जोडून गाडी बनते. त्या जोडांत भरलेला मसाला जुना झाला की त्याला भेगा पडतात. मागच्या काचेची कड, एरियलची जागा, नंबरप्लेटवरचा दिवा, गाडीच्या नावाची अक्षरे बसवण्यासाठी पाडलेली भोके, तारा जिथून आत येतात तिथली रबरी कडी, ही सारी संशयित मंडळी आहेत. शिवाय स्टेपनीच्या खळग्याच्या तळाला बहुधा एक रबरी बूच असते. ते पडून हरवले, तर रस्त्यावरचे पाणी चाकांनी उडून खालून आत येते.

आणि एक वाट अशी आहे की तिच्याशी पावसाचा काही संबंध नाही. ज्या गाड्यांना मागच्या काचेवरही वायपर असतो, त्यांच्यात पुढून मागेपर्यंत पाण्याची एक बारीक नळी गेलेली असते. ती मागे कुठे निसटली, तर काच धुताना पाणी डिकीत सांडते. भर उन्हाळ्यात डिकी ओली दिसली, तर या नळीवर नजर ठेवा.

पाणी वर कसे चढते?

"पाणी खालीच वाहते, मग ते रबराची कड चढून आत कसे येईल?" अशी शंका तुमच्या मनात आली असेल. उत्तम! तिचे उत्तर प्रयोगानेच शोधू.

एक पेला पाण्याने काठोकाठ भरा आणि एका पाटावर ठेवा. दुसरा रिकामा पेला त्याच्याजवळ पण पाटाच्या खाली ठेवा. सुती कापडाची एक लांब चिंधी ओली करून तिचे एक टोक भरलेल्या पेल्यात बुडवा आणि दुसरे टोक रिकाम्या पेल्यात लोंबू द्या. तास-दोन तासांनी पाहा. खालच्या पेल्यात पाणी जमलेले दिसेल. पाणी पेल्याचा काठ चढून पलीकडे उतरले!

कापडाच्या धाग्यांमध्ये अतिशय बारीक फटी असतात. अशा फटींतून पाणी आपोआप वर ओढले जाते. याला केशाकर्षण म्हणतात. दिव्याची वात तेल ओढते आणि टिपकागद शाई टिपतो, तोही याच नियमाने. फट जितकी अरुंद, तितके पाणी अधिक वर चढते. एकमेकींसमोर धरलेल्या दोन स्वच्छ काचांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल, तर पाणी सुमारे १५ मिलिमीटर वर चढते. अंतर निम्मे केले, तर सुमारे ३० मिलिमीटर.

आता डिकीकडे या. भाताचे पोते ठेवताना त्याच्या सुतळीचा तुकडा रबराखाली अडकला आहे. त्याचे एक टोक बाहेर पन्हळीत आणि दुसरे आत लोंबते आहे. झाली की नाही दिव्याची वात! रात्रभर ती पाणी ओढत राहील. वाळके पान, गवताची काडी, मातीचा थर यांच्याही बारीक फटींत पाणी असेच शिरते. म्हणून पुष्कळदा रबर बदलण्याची गरजच नसते. ते ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले तरी काम भागते.

शोध कसा घ्यावा?

डिकीत पाणी दिसले की बहुतेक लोक काय करतात? कोणी म्हणतो, "रबर बदला." रबर बदलतात. तरी पाणी येते. दुसरा म्हणतो, "दिवा गळत असेल." दिवा काढून मसाला भरतात. तरी पाणी येतेच. अशा अंदाजपंचे दुरुस्तीत पैसे जातात आणि पाणी मात्र जात नाही. आपण तसे न करता पद्धतशीर शोध घेऊ. मात्र हे काम घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच करायचे.

पहिली पायरी म्हणजे डिकी पूर्ण रिकामी करणे. कार्पेट, स्टेपनी, जॅक, पाने सर्व बाहेर काढा. पाणी टिपून घ्या आणि झाकण उघडे ठेवून आतला भाग खणखणीत वाळू द्या. ओल्या जागी नवी ओल ओळखू येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे नुसते पाहणे. विजेरी घेऊन आतला पत्रा निरखा. पाणी वाळले तरी मागे खूण ठेवते. गंजाची तांबूस रेघ, मातीचा ओघळ, पांढरट डाग अशा खुणांमागे वर वर जा. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून गाडी नेली असेल, तर रबराजवळ धुळीची एक रेघ उमटलेली दिसते. जिथून धूळ आत येते, तिथून पाणीही येऊ शकते.

तिसरी पायरी म्हणजे कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राची एक पट्टी रबरावर ठेवून झाकण लावा आणि पट्टी हळूच ओढा. ती घट्ट धरून ठेवलेली जाणवली पाहिजे. अलगद निघाली, तर तिथे रबर दाबले जात नाही. असे सगळ्या कडेने वीत-वीत अंतरावर करा. दुसरी युक्ती खडूची. रबरावर खडू घासा, झाकण लावा आणि उघडा. झाकणाच्या पत्र्यावर खडूची अखंड रेघ उमटली पाहिजे. रेघ जिथे तुटली, तिथे फट आहे.

चौथी पायरी पाण्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. आतल्या पत्र्यावर कोरडे वर्तमानपत्र पसरा किंवा टाल्कम पावडर भुरभुरा, म्हणजे पाण्याचा एक थेंबही उठून दिसेल. झाकण लावा. आता नळीतून पाण्याची संथ धार सोडा. जोराचा फवारा मारू नका, कारण तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घुसवील. आणि सुरुवात कोठून करायची? खालून! आधी बंपरजवळ तीन-चार मिनिटे पाणी सोडा, मग डिकी उघडून पाहा. काही नसेल तर दिव्यांवर सोडा आणि पुन्हा पाहा. मग झाकणाच्या कडा, मग बिजागऱ्या आणि शेवटी मागची काच, असे वर वर जा.

खालून का, ते कळले का? वरून पाणी सोडले तर ते काच, बिजागऱ्या, कडा, दिवे या सर्वांवरून वाहत खाली येईल. आत पाणी दिसले तरी ते यांपैकी कोठून आले, हे सांगता येणार नाही. खालून सुरुवात केली, तर प्रत्येक वेळी फक्त एकाच नव्या जागेला पाणी लागते. ज्या क्षणी आत थेंब दिसेल, त्या क्षणी दोषी कोण हे ठरले! एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व तशाच ठेवायच्या, ही शास्त्रज्ञांची प्रयोगाची रीतच आहे. प्रयोगशाळेत काय आणि अंगणात काय, ती सारखीच उपयोगी पडते.

पाणी आत येताना प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर मागची बैठक दुमडून एका मोठ्या माणसाने गाडीत बसावे आणि डिकीत विजेरी धरावी. किंवा मोबाइल फोनवर चित्रीकरण सुरू करून तो विजेरीसह कोरड्या जागी आत ठेवावा. पण एक सूचना मात्र कधीही विसरू नका. कोणीही डिकीत शिरून झाकण लावून घेऊ नये. खेळात नाही आणि प्रयोगासाठी तर मुळीच नाही. पुष्कळ गाड्यांत आतून झाकण उघडता येत नाही, आणि बंद डिकीतील उष्णतेने व गुदमरून जीव जाऊ शकतो.

रंगाची साक्ष

कधी कधी पाण्याची वाट पत्र्याच्या दोन थरांमधून जाते आणि डोळ्यांना दिसतच नाही. अशा वेळी पाण्याला रंग देतात. खाण्याच्या रंगाचे काही थेंब मिसळलेले पाणी संशयित जागेवर ओता आणि आत पांढरा कागद ठेवा. रंगीत डाग पडला, तर पुरावा मिळाला.

ही युक्ती केवढ्या मोठ्या कामाला आली आहे पाहा. जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडकाच्या भेगांत नाहीसे होते. तिथून सुमारे १२ किलोमीटर अंतरावर आख नावाचा एक मोठा झरा आहे. डॅन्यूबचे हरवलेले पाणी हेच का? १८७७ साली आडोल्फ क्नॉप या भूवैज्ञानिकाने त्या भेगांत फ्लुओरेसीन नावाचा रंग ओतला. सुमारे ६० तासांनी आखचा झरा हिरवा चमकू लागला! काळ्या समुद्राकडे निघालेल्या नदीचे पाणी जमिनीखालून ऱ्हाईन नदीकडे जात होते. आपल्या डिकीची गळती तेवढी मोठी नाही, पण तर्क तोच.

आणखी एक उलटी युक्तीही आहे. सायकलचे पंक्चर काढणारा काय करतो? ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो. बुडबुडे जिथून येतात, तिथे भोक. मोटार काही घमेल्यात बुडवता येत नाही! म्हणून गाडीच्या काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेणारा पंखा जोरात लावतात आणि डिकीच्या जोडांवर बाहेरून साबणाचे पाणी लावतात. आतली हवा जिथून निसटते, तिथे फेसाचे फुगे येतात. गाडी अर्थात मोकळ्या जागीच उभी करायची.

पण येथे एक सावधगिरी हवी. पुष्कळ गाड्यांत मागच्या बंपरच्या आड हवा बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली झडपेची खिडकी असते. दार लावताना आतल्या हवेला वाट मिळावी, म्हणून ती असते. तिथून हवा येणारच. ती गळती समजून बुजवू नये. तिच्याभोवतीची गॅस्केट मात्र तपासावी.

गळती की दव?

हिवाळ्यातल्या पहाटे डिकीच्या झाकणाला आतून बारीक थेंब चिकटलेले दिसतात. पाऊस नाही, मग हे पाणी कोठले? रात्री झाकणाचा पत्रा थंड होतो आणि आतल्या दमट हवेतील बाष्पाचे त्यावर पाणी होते. थंडगार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसेच. हे पाणी झाकणाच्या साऱ्या अंगावर सारखे पसरलेले असते. गळतीचे पाणी ओघळाने येते. दव दिसले तर ओल्या वस्तू बाहेर काढून डिकीला ऊन दाखवावे, एवढाच उपाय.

दुरुस्ती

दोषी सापडला, की दुरुस्ती अवघड नसते. रबर मळले असेल तर ते पुसावे. निसटले असेल तर पत्र्याच्या कडेवर पुन्हा दाबून बसवावे. चपटे होऊन त्याची लवचीकता गेली असेल किंवा ते फाटले असेल, तर बदलावे. झाकण एका बाजूला वर राहत असेल, तर खटका आणि झाकणाखालचे रबरी ठोकळे मिस्त्रीकडून जुळवून घ्यावेत. दिवा गळत असेल तर तो काढून जागा स्वच्छ करावी, नवी गॅस्केट घालावी आणि नट आळीपाळीने सारखे आवळावेत. एकच नट फार आवळला तर प्लॅस्टिक तडकते आणि एका गळतीच्या दोन होतात.

पत्र्याच्या जोडात भेग असेल तर जुना मसाला खरवडावा, गंज पॉलिश पेपरने घासावा, जागा कोरडी करावी, प्रायमर लावावा, मग मोटारीच्या जोडांसाठी मिळणारा सीलर भरावा आणि वरून रंग द्यावा. न्हाणीघरातील फरश्यांसाठी वापरतात तो व्हिनेगरसारख्या वासाचा सिलिकॉन येथे चालत नाही. तो वाळताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि त्याने पत्रा गंजतो. ओल्या पत्र्यावर डांबर फासणे तर त्याहून वाईट. पाणी बाहेर राहण्याऐवजी आत कोंडले जाते.

काही जण डिकीच्या तळाला भोक पाडून मोकळे होतात. "येईल ते पाणी जाईल!" पण असे केल्याने पाणी येणे थांबत नाही. उलट रस्त्यावरचा चिखल आत यायला नवे दार मिळते, आणि त्या भोकाच्या कडेने गंज सुरू होतो. लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की गंज ठरलेला. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे वरचा रंग फुगून सुटतो आणि उघडा पडलेला पत्रा आणखी गंजतो.

दुरुस्तीनंतर पाण्याची परीक्षा पुन्हा एकदा पहिल्यापासून करायलाच हवी. एका गाडीला दोन गळत्याही असू शकतात. एक बुजली म्हणजे दुसरी बुजली असे नव्हे.

पाण्यापेक्षा मोठा धोका

एवढा खटाटोप फक्त कार्पेट कोरडे राहावे म्हणून करायचा का? नाही. मोटारीच्या धुराची नळी बहुधा मागेच, डिकीच्या खाली असते. गाडी धावत असताना तिच्या मागे हवेचे भोवरे तयार होतात आणि धूर तिथे घोटाळत राहतो. खिडक्या उघड्या असतील तर गाडीतला हवेचा दाब थोडा कमी होऊ शकतो आणि मागच्या फटींतून बाहेरची हवा आत ओढली जाते. तिच्याबरोबर धूरही येतो. पेट्रोल-डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवते. त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, गरगरते, झापड येते, आणि प्रमाण वाढले तर माणूस दगावतो. म्हणजे जी फट एका दिवशी पाणी आत घेते, ती दुसऱ्या दिवशी विषही आत घेऊ शकते. पाणी दिसते, वायू दिसत नाही. डिकीतले पाणी ही एका अर्थाने आपल्याला वेळेवर मिळालेली सूचनाच म्हणायची.

तेव्हा येत्या मृगापूर्वी घराची कौले तपासाल, तेव्हा घरात मोटार असेल तर तिच्या डिकीतही एकदा डोकावून पाहा. पन्हळीतली पाने काढा, रबर पुसा, कागदाची पट्टी ओढून पाहा आणि जॅकचा स्क्रू एकदा फिरवून त्याला तेलाचे बोट लावा. अर्ध्या तासाचे काम आहे. मग ताम्हिणीच्या पावसात पुन्हा कधी चाक बसले, तर काका डिकी उघडतील आणि आतून कोरडी स्टेपनी बाहेर काढतील. भिजतील ते फक्त चाक बदलणारे हात!